सरावातली वाटाघाट आणि टेबलावर नसलेला अशील

लॉ किंवा मॅनेजमेंटच्या वर्गात निगोसिएशनचा सराव कसा होतो, ते तुम्हाला माहीत असेलच. दोन बाजू पाडल्या जातात. दोघांनाही एक सामायिक माहितीचा कागद मिळतो आणि शिवाय प्रत्येक बाजूला स्वतःची एक गोपनीय शीट मिळते. तुमचा अशील कोण, त्याला काय हवंय, कुठल्या आकड्याच्या पलीकडे जायचं नाही, हे त्या शीटवर असतं. मग चाळीस-पन्नास मिनिटं टेबलावर बसायचं आणि शेवटी काय ठरलं ते परीक्षकांना सांगायचं.

तयारीला बसलं की बहुतेकांच्या हातात तेच ते सल्ले येतात : आधी बॅटना काढा, पहिला आकडा तुम्ही टाका, भूमिकेपेक्षा हितसंबंधांवर बोला. हे सल्ले कुठून आले, त्यांच्यामागे कुठलं संशोधन आहे आणि ते या सरावाला कितपत लागू पडतात, हे आज तपासू. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. यातले बहुतेक डावपेच स्वतःसाठी बोलणाऱ्या माणसाला धरून बेतलेले आहेत. तुम्ही मात्र दुसऱ्याच्या वतीने बसलेले असता. हा फरक विसरलात तरी सरावात गुण मिळू शकतात, पण अशिलाचं काम बिघडतं. आणि पुढे संशोधनाला जाऊन असेच सराव डेटा म्हणून वापरणार असाल, तर तो डेटाही बिघडतो.

पुस्तकाने काय दिलं, काय सोडलं

रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांचं 'गेटिंग टू येस' १९८१ साली आलं. त्यातली चार सूत्रं आता सगळीकडे पसरली आहेत : माणसं आणि प्रश्न वेगळे ठेवा, भूमिकेमागचं हित शोधा, दोघांच्या फायद्याचे पर्याय काढा, वस्तुनिष्ठ निकष धरा. बॅटना हा शब्दही याच पुस्तकाने रूढ केला. करार झाला नाही तर आपल्या हातात उरणारा सगळ्यात चांगला मार्ग, असा त्याचा अर्थ.

या पुस्तकावरची एक जुनी टीका जरूर वाचा. मिशिगनमध्ये कायदा शिकवणारे जेम्स व्हाइट यांनी १९८४ मध्ये 'जर्नल ऑफ लीगल एज्युकेशन'मध्ये तिचं परीक्षण लिहिलं. थोडक्यात त्यांचा मुद्दा असा : कितीही हितसंबंध जुळवले तरी कुठे ना कुठे अशी वेळ येतेच, की एकाला मिळालेला रुपया दुसऱ्याच्या खिशातून जातो. ती घासाघीस पुस्तक जवळजवळ बाजूला सारतं. फिशर यांनी त्याला उत्तरही दिलं. नामवंत पुस्तकाचा मान ठेवूनही नेमकं कुठे बोट ठेवायचं, हे शिकायला ही जोडी चांगली आहे.

व्हाइट यांची टीका मला पटते, पण माझी अडचण वेगळी आहे. "हितसंबंध ओळखा" या सूत्रात बोलणाऱ्याला स्वतःचं हित ठाऊक आहे, किंवा निदान स्वतःला विचारता येतं, हे गृहीत आहे. सरावातल्या विद्यार्थ्याकडे असतं ते फक्त एक पान. अशील खोलीत नसतो आणि त्याला फोनही लावता येत नाही. वतीने बोलण्याचा हा प्रश्न रॉबर्ट म्नूकिन, स्कॉट पेपेट आणि अँड्र्यू टुलुमेलो यांनी २००० सालच्या 'बियाँड विनिंग'मध्ये थेट हाताळला. वाटाघाटीतले तीन ताण त्यांनी मांडले : मूल्य वाढवणं आणि वाटून घेणं, समोरच्याचं ऐकणं आणि आपलं ठामपणे मांडणं, आणि तिसरा, मालक आणि त्याचा प्रतिनिधी. पहिले दोन सरावाच्या हँडआउटमध्ये हमखास दिसतात. तिसरा गळतो.

एक उदाहरण, आकड्यांसकट

नुसतं तत्त्व सांगून पटणार नाही, म्हणून वर्गात सहज दिला जाईल असा एक सराव कल्पनेने रचू.

तुमची अशील एक बेकरी चालवते. गाळ्याचा करार संपतोय. सध्याचं भाडं महिना ३४,००० रुपये आहे आणि मालकाला ४५,००० हवेत. तुमच्या गोपनीय शीटवर चार ओळी आहेत. एक, ४०,०००च्या वर जायचं नाही. दोन, जवळच दुसरा गाळा ३६,०००ला मिळतोय. तीन, ओव्हन हलवणं, वीजजोडणी, फर्निचर मिळून तिकडे जायला २ लाख खर्च येईल. चार, मुलगी बारावीला आहे, त्यामुळे मार्चपर्यंत हलवाहलव नको.

आता बॅटना काढा. बरेच जण "३६,०००" लिहून मोकळे होतात. ते चुकतं, कारण २ लाख कराराच्या महिन्यांवर पसरायला हवेत. ३६ महिन्यांचा करार धरला तर महिन्याला ५,५५६ रुपये वाढतात आणि दुसरा गाळा प्रत्यक्षात ४१,५५६ला पडतो. २४ महिने धरले तर ४४,३३३ला. ६० महिने धरले तर ३९,३३३ला. व्याज, दरवर्षीची भाडेवाढ आणि तुटणारी गिऱ्हाइकं यात धरलेली नाहीत.

या तीन आकड्यांकडे नीट बघा. समजा मालक ३६ महिन्यांसाठी ४१,०००वर येऊन थांबला. हिशोब सांगतो, घ्या, तीन वर्षांत २०,००० रुपये वाचतात. शीट सांगते, घेऊ नका. आता उलटं बघा. मालक ६० महिन्यांच्या कराराला ४०,०००वर तयार झाला. शीट सांगते, चालेल. हिशोब सांगतो, पाच वर्षांत अशिलाचे ४०,००० रुपये जास्त जातील. तरीही दुसऱ्या प्रसंगात परीक्षक तुम्हाला बहुधा पास करतील, कारण तुम्ही मर्यादेच्या आत राहिलात.

मग बरोबर काय? बेकरी तुमची स्वतःची असती तर तुम्ही हिशोब करून मोकळे झाला असता. इथे ४०,००० हा आकडा अशिलाने कुठून आणला, हेच तुम्हाला माहीत नाही. दर महिन्याला तेवढेच पैसे हातात उरतात म्हणून? की शेजारच्या दुकानदाराने सांगितलं म्हणून? पहिलं कारण असेल तर ४१,००० खरोखरच परवडणार नाहीत, मग हिशोब काहीही सांगो. दुसरं असेल तर तिच्यासमोर हिशोब मांडल्यावर ती कदाचित आकडा बदलेल. आणि चौथी ओळ? मुलीची परीक्षा हा पैशाचा प्रश्नच नाही. तिच्यासाठी ती कदाचित पाच वर्षांत ४०,००० जास्त द्यायलाही तयार होईल. किंवा मार्चनंतर करार सोडायची मुभा मागितली तर तिला तेच जास्त आवडेल.

म्हणून पहिला डावपेच टेबलावर बसण्याआधीचा आहे. शीटवरून तीन रकाने करा. पहिल्यात अशिलाने स्पष्ट सांगितलेलं. दुसऱ्यात त्यावरून मी काढलेलं. तिसऱ्यात तिला विचारायला हवं होतं पण विचारता येत नाही ते. टेबलावर पहिल्या रकान्याचा शब्द मोडायचा नाही. दुसऱ्याच्या आधाराने पर्याय सुचवायचे. तिसऱ्यातलं काही निर्णायक ठरलं, तर पक्का होकार द्यायचा नाही.

पहिला आकडा कोणी टाकायचा?

"पहिला आकडा तुम्ही टाका" या सल्ल्यामागे अँकरिंगचं संशोधन आहे. अमोस ट्वेर्स्की आणि डॅनियल कानेमान यांचा १९७४चा 'सायन्स'मधला पेपर तुम्ही ऐकला असेल. त्यात आकड्यांचं चाक फिरवून लोकांना संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देशांचं प्रमाण विचारलं होतं. चाकावर १० आलेल्यांच्या अंदाजांचा मध्यक (मीडियन) २५ टक्के निघाला आणि ६५ आलेल्यांचा ४५ टक्के. चाकाचा प्रश्नाशी काहीच संबंध नव्हता, तरी अंदाज त्याच्या मागे गेले.

वाटाघाटीच्या अभ्यासात याचा थेट उपयोग अ‍ॅडम गॅलिन्स्की आणि थॉमस मुसवायलर यांनी २००१ मध्ये केला. पहिली ऑफर ज्या बाजूने आली, शेवटचा आकडा त्या बाजूकडे झुकलेला दिसला. सल्ला इथवरच पोचतो. पण त्या पेपरचा दुसरा अर्धा भाग जास्त महत्त्वाचा आहे : समोरच्याचे पर्याय काय असतील, किंवा आपलं स्वतःचं उद्दिष्ट काय आहे, यावर लक्ष ठेवणाऱ्यांवर पहिल्या ऑफरचा परिणाम पुसला गेला. म्हणजे पहिला आकडा मालकाने टाकला म्हणून सगळं संपलं, असं नाही. ४५,००० ऐकल्यावर नजर शीटवरच्या मर्यादेकडे न नेता, आधी लिहून ठेवलेल्या उद्दिष्टाकडे न्या. आणि स्वतःला विचारा : हा गाळा रिकामा पडला तर मालकाचं महिन्याला किती जाईल?

इथेच आणखी एक पेपर जोडून वाचा. ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट आणि मार्गारेट नील यांनी १९८७ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनमध्ये विद्यार्थ्यांना आणि घरांच्या एजंटांना एक खरं घर दाखवलं. घर तेच, पण माहितीपत्रकातली मागणीची किंमत वेगवेगळी. व्यावसायिक एजंटांचे अंदाजही त्या किमतीबरोबर वरखाली झाले. आपण त्या किमतीकडे बघून अंदाज बांधला, असं मात्र त्यांच्यातल्या फार थोड्यांनी मान्य केलं.

यावरून मी एक तर्क करते, आणि तो तर्क आहे हे लक्षात ठेवा. सरावात अँकर फक्त समोरून येत नाही, तो तुमच्याच शीटवरही छापलेला असतो. "४०,०००च्या वर नको" ही ओळ वाचली की ३९,००० हा विजय वाटायला लागतो, आणि उद्दिष्ट काय ठेवायचं याचा विचारच मागे पडतो. सध्याचं भाडं ३४,००० आणि शेजारचा गाळा ३६,००० असताना सुरुवात ३९,०००पासून का करायची?

शीट कधी उघडायची?

आता ज्या संशोधनाने मला या विषयात ओढलं, त्याकडे येऊ. लिंडा बॅबकॉक, जॉर्ज लोवेनस्टाइन, सॅम्युएल इसाकारॉफ आणि कॉलिन कॅमेरर यांनी टेक्सासमधल्या एका खऱ्या अपघाताच्या खटल्यावरून सराव तयार केला. मोटारसायकलस्वाराने कारचालकावर १ लाख डॉलरचा दावा लावलेला. सहभागींना वादी किंवा प्रतिवादी केलं, कागदपत्रं वाचायला दिली, न्यायाधीश किती देतील याचा अंदाज विचारला आणि मग तडजोड करायला बसवलं. १९९५च्या पेपरात त्यांनी फक्त एक गोष्ट बदलली : काही जणांना भूमिका कागदपत्रं वाचण्याआधी सांगितली, काहींना वाचून झाल्यावर. आधी कळलेल्या जोड्यांपैकी ७२ टक्के जोड्यांची तडजोड झाली. नंतर कळलेल्यांत ९४ टक्के.

कागदपत्रं सगळ्यांना तीच होती. पण भूमिका आधी कळली की माणूस वाचतानाच आपल्या बाजूचं उचलतो, आणि तेच न्याय्य आहे असं त्याला मनापासून वाटतं.

सरावाला याचा उपयोग सरळ आहे. दोन्ही कागद हातात आले की सामायिक कागद आधी वाचा. गोपनीय शीट न उघडता, तिऱ्हाइताला काय रास्त वाटेल याचा आकडा लिहून ठेवा. मग शीट उघडा. नंतरचा तुमचा अंदाज त्या आकड्यापासून किती सरकला, हे तुम्हालाच दिसेल. बाजू आधीच जाहीर झालेली असली तर हे तितकं साधणार नाही, पण निदान आकडा कागदावर राहील.

त्याच गटाने १९९७ मध्ये एक उपायही तपासला. वाटाघाटीआधी स्वतःच्या बाजूचे कच्चे दुवे लिहून काढायला सांगितलं, तर तडजोड फिसकटण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आलं. असा निकाल वाचला की लगेच वहीत उतरवावासा वाटतो. थोडं थांबा. २०१० मध्ये जेन गुडमन-डेलाहंटी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ४८१ वकिलांना त्यांच्या खऱ्याखुऱ्या खटल्यांत किमान काय मिळवणार, आणि त्याची खात्री किती, असं विचारलं. खटले निकाली निघाल्यावर ताडून पाहिलं. वकिलांचा आत्मविश्वास वाजवीपेक्षा जास्त निघाला आणि अनुभवाच्या वर्षांनी त्यात सुधारणा दिसली नाही. त्यातल्या काहींना आपलं उद्दिष्ट का हुकू शकेल याची कारणंही लिहायला लावली होती. त्यानेही अंदाज सुधारले नाहीत.

मग कोण खरं? घाईने बाजू घेऊ नका. पहिल्या अभ्यासात मोजलं ते तडजोड झाली की नाही, दुसऱ्यात मोजलं ते अंदाज किती जुळला. पहिल्यात कच्चे दुवे लिहिणारा स्वतः पक्षकाराच्या भूमिकेत होता, दुसऱ्यात तो दुसऱ्याचा वकील होता. पहिल्यात १०,००० डॉलर म्हणजे हातात १ डॉलर असा हिशोब होता, दुसऱ्यात खऱ्या माणसांचे खरे दावे. एवढे फरक असताना "कच्चे दुवे लिहा, फायदा होतो" असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. लिहा, कारण त्यात गमावण्यासारखं काही नाही. पण ते लिहिलं म्हणून आपला अंदाज आता निर्मळ झाला, असं समजू नका.

होकार कोणाचा?

हा भाग आपल्याकडच्या कायद्याचा आहे, आणि विदेशी हँडआउटमध्ये तो मिळणार नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२च्या कलम २११नुसार एजंटने मालकाच्या सूचनेप्रमाणे काम चालवायचं असतं. कोर्टातल्या तडजोडीबद्दल दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३, नियम ३ मध्ये १९७६च्या दुरुस्तीने "लेखी आणि पक्षकारांनी सही केलेली" अशी अट आली. त्यावर 'बायराम पेस्तनजी गरीवाला विरुद्ध युनियन बँक' या १९९१च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वकिलाच्या सहीने झालेली तडजोड मान्य केली. पण शक्य तिथे अशिलाच्या लेखी सूचना घेणं शहाणपणाचं, असंही सांगितलं. पुढे २०१५ मध्ये 'हिमालयन को-ऑपरेटिव्ह ग्रुप हाउसिंग सोसायटी विरुद्ध बलवान सिंग' या निकालात न्यायालयाने बजावलं की वकिलाने अशिलाच्या सूचना पाळायच्या, त्यांच्या जागी स्वतःची मतं बसवायची नाहीत.

बेकरीच्या उदाहरणात याचा अर्थ साधा आहे. मालक ४१,०००वर थांबला तर "मान्य" म्हणू नका आणि ताडकन उठूही नका. असं म्हणा : "३६ महिन्यांना ४१,००० हा प्रस्ताव मी अशिलासमोर ठेवते. मार्चपर्यंत जागा सोडावी लागणार नाही आणि पहिल्या वर्षी भाडेवाढ नाही, एवढं तुमच्याकडून लेखी मिळालं तर त्यांना विचार करायला सोपं जाईल." मर्यादा मोडली नाही, दार उघडं राहिलं आणि अशिलाला खरी निवड मिळाली. काही परीक्षक याला कच खाणं समजतील. आत्मपरीक्षणाची दहा मिनिटं मिळतात तिथे कारण सांगा, हिशोबासकट.

अजून एक खाचखळगा. "माझी अशील ३६,०००च्या वर जाणारच नाही" असं खोटं ठोकायचं का? अमेरिकन बार असोसिएशनच्या आदर्श नियमांतल्या ४.१ या नियमाच्या भाष्यात, किंमत आणि तडजोडीची तयारी यांविषयीची विधानं सर्वसाधारणपणे महत्त्वाच्या वस्तुस्थितीची विधानं मानत नाहीत, असं म्हटलंय. म्हणून तिकडच्या हँडआउटमध्ये असली थाप चालवून घेतलेली दिसते. तो त्यांचा नियम आहे, आपल्या सरावाला आपोआप लागू धरू नका. शिवाय गरजही नाही. "मर्यादा किती?" असं विचारलं तर "तो आकडा सांगायची मला मुभा नाही, पण शेजारचे गाळे काय भावाने जातात ते बघू" एवढं पुरतं. पण शीटवर नसलेली वस्तुस्थिती बनवायची नाही. दुसरा गाळा ३२,०००ला मिळतोय, हे खोटं आहे.

पुढे संशोधनाला जाणार असाल तर

असे सराव हे या विषयाची प्रयोगशाळा आहेत. 'अग्ली ऑरेंज' हा प्रसिद्ध सराव घ्या : दोन शास्त्रज्ञांना तीच दुर्मीळ संत्री हवी असतात, एकाला रस लागतो आणि दुसऱ्याला साल. प्रश्न विचारले की तिढा सुटतो. शिकवायला उत्तम. पण इथे उत्तर सराव लिहिणाऱ्यानेच आत पेरून ठेवलंय. ते सापडलं, यावरून खऱ्या जगात वाटाघाटी अशाच सुटतात हे सिद्ध होत नाही.

म्हणून असा कुठलाही पेपर हातात घेतला की हे विचारा. बोलणारा स्वतःसाठी बोलतोय की दुसऱ्यासाठी? दुसऱ्यासाठी असेल तर तो दुसरा खरंच कुणी आहे, की नुसतं पान? यश कशाने मोजलं : करार झाला म्हणून, आकडा चांगला आला म्हणून, की अशिलाला पटला म्हणून? यातला तिसरा माप फार कमी ठिकाणी दिसतो. तो मोजणं अवघडही नाही. शेजारच्या खोलीत अशिलाची भूमिका करणारा एक तिसरा सहभागी बसवा. वकिलाला मध्ये एकदा उठून त्याला भेटू द्या. शेवटी करार अशिलाच्या हातात देऊन विचारा, यावर सही करशील का? काही जोड्यांना भेटायची मुभा द्या, काहींना देऊ नका, आणि फरक बघा. एम.ए. किंवा एलएल.एम.च्या प्रबंधाला पुरेल एवढं काम यात आहे, आणि खर्च फारसा नाही.

पुढच्या सरावाला जाताना मात्र एवढं करा : सामायिक कागद आधी वाचा, रास्त आकडा लिहा, मग शीट उघडून तीन रकाने भरा. तिसरा रकाना रिकामा राहिला असेल, तर शीट अजून एकदा वाचा.